‘एक्स्ट्रेनियस’ म्हणजे नेमकं काय? सोलापूरच्या एका इंग्रजी वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेतो. बाकावर सगळे एकत्र बसतात. स्पर्धा परीक्षेची मुलं असतात, पॉलिटेक्निकची असतात, टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात परदेशी गिऱ्हाइकांना ईमेल लिहिणारे असतात आणि एखाददुसरा नवा वकीलही असतो. ‘एक्स्ट्रेनियस’ हा शब्द यातल्या प्रत्येकाला कुठे ना कुठे आडवा आलेला आहे. कुणाला गणितात, कुणाला निकालपत्रात, कुणाला साहेबांच्या शेऱ्यात. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय.

सर, एका वाक्यात अर्थ सांगा.

बाहेरून आत आलेलं आणि इथं नको असलेलं.

यातले दोन्ही तुकडे लागतात. एक गाळला की शब्द हातातून सुटतो. ज्वारी निवडताना आजी सुपातून खडा उचलून बाजूला टाकते, तो खडा एक्स्ट्रेनियस. खडा म्हणून त्याच्यात काही वाईट नाही, अंगणात पडला असता तर त्याच्याकडे कुणी बघितलंही नसतं. तो ज्वारीचा नाही आणि ज्वारीत आलाय, एवढीच त्याची चूक.

ही उपमा माझी असली तरी कायद्यालाही ती सुचलेली आहे. आपल्या अन्न सुरक्षा कायद्याच्या २०११ सालच्या नियमांत धान्यातल्या ‘फॉरेन मॅटर’ची व्याख्या करताना हाच शब्द येतो. धान्याखेरीज जे जे ‘एक्स्ट्रेनियस मॅटर’ असेल ते सगळं त्यात धरलंय. वाळू, खडे, मातीची ढेकळं, धातूचे तुकडे एका बाजूला आणि भुसा, काड्या, तणाचं बी दुसऱ्या बाजूला. गव्हात हे सगळं मिळून वजनाच्या १ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. मार्केट यार्डात ज्याला ‘काडीकचरा’ म्हणतात, तोच कागदावर सुटाबुटात उभा आहे.

म्हणजे ‘इर्रेलेव्हंट’चाच भाऊ ना? डिक्शनरीत तर तसंच दिलंय.

भाऊ म्हणा हवं तर, पण जुळा नाही. मीही बरीच वर्षं ‘दोन्हींचा अर्थ एकच’ असं सांगून पुढे जायचो. एकदा पॉलिटेक्निकचा एक मुलगा म्हणाला, “सर, गणितात उत्तर एक्स्ट्रेनियस आलं तर ते खोडायला सांगतात, ठेवलं तर मार्क कापतात. इर्रेलेव्हंट म्हणजे ज्याचा संबंध नाही, ज्यानं काही बिघडत नाही. मग मार्क का कापतात?” मी त्या दिवशी “उद्या सांगतो” म्हणून वेळ मारून नेली. घरी जाऊन नीट विचार केला तेव्हा कळलं, की पोरगं बरोबर होतं.

‘इर्रेलेव्हंट’ला विचारायचा प्रश्न असतो, चाललेल्या विषयाशी याचा संबंध आहे का? नसेल तर ती गोष्ट इर्रेलेव्हंट. ती कुठून आली, आत घुसली की बाहेरच राहिली, याच्याशी त्या शब्दाला देणंघेणं नाही.

‘एक्स्ट्रेनियस’ला वेगळा प्रश्न विचारायचा. हे मुळात याच्यातलं आहे, की बाहेरून शिरलंय? आणि शिरलेली गोष्ट गप्प बसेलच असं नाही. खडा ज्वारीतला नाही हे खरं, पण भाकरीत आला तर दात पाडतो. त्या दाताच्या मालकाला विचारा, खडा ‘संबंध नसलेला’ होता का म्हणून.

थोडक्यात, इर्रेलेव्हंट गोष्टीकडे दुर्लक्ष केलं तर बहुतेक वेळा निभावतं. एक्स्ट्रेनियस गोष्ट वेचून काढावी लागते. पुढची निम्मी उत्तरं या एका फरकावर उभी आहेत.

उच्चार कसा करायचा? आमच्यात सगळे ‘एक्स्ट्रानियस’ म्हणतात.

दोष तुमचा नाही, स्पेलिंगचा आहे. त्यात आधी अख्खा ‘एक्स्ट्रा’ बसलेला दिसतो आणि पुढे एन, ई, ओ, यू, एस येतात. डोळ्यांना एक्स्ट्रा दिसला की तोंडातून एक्स्ट्रा बाहेर पडतो. बरोबर उच्चार इक्-स्ट्रे-नि-अस असा, आणि जोर ‘स्ट्रे’वर. स्पेलिंग पाठ करताना मात्र ‘एक्स्ट्रा’ डोक्यात ठेवा, चुकणार नाही.

हा शब्द आला कुठून?

लॅटिनमधून. ‘एक्स्ट्रा’ म्हणजे बाहेर, त्यावरून ‘एक्स्ट्रेनियस’ म्हणजे बाहेरचा, परका. इंग्रजीत तो सतराव्या शतकात थेट लॅटिनमधून आला. गंमत म्हणजे याच लॅटिन शब्दाची दुसरी वाट आधीच फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोहोचली होती, आणि तिथून ‘स्ट्रेंज’ आणि ‘स्ट्रेंजर’ झाले. तेव्हा एक्स्ट्रेनियस आणि स्ट्रेंजर एकाच घरचे. परका, अनोळखी, आपला नसलेला.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळची कल्पना मला आयुर्वेदात सापडते. तिथं रोगांचे ‘निज’ आणि ‘आगंतुज’ असे भेद केलेत. शरीरातलेच दोष बिघडून होतो तो निज, आणि मार, जखम, विष अशा बाहेरच्या कारणानं होतो तो आगंतुज. ‘एक्स्ट्रेनियस’ला मराठीत गोत्र द्यायचं झालं तर मी ‘आगंतुज’ देईन.

‘इर्रेलेव्हंट’चं मूळही सांगून टाकतो. ‘रेलेव्हंट’च्या पोटात लॅटिनमधलं ‘उचलणं’ आहे. जे मुद्द्याला उचलून धरतं ते रेलेव्हंट. ‘मुद्दा उचलून धरणे’ हे आपण रोज म्हणतो, तेव्हा हा अर्थ वेगळा समजावायची गरज नसावी.

मराठीत एकच पक्का प्रतिशब्द सांगा. परीक्षेत लिहायला.

एकच मागू नका. मराठीत या घराला पुष्कळ दारं आहेत आणि प्रत्येक दारातून वेगळा माणूस आत येतो.

‘असंबद्ध’ हा सगळ्यात प्रचलित. पण त्याला एक दुसरा वास आहे. तापात माणूस असंबद्ध बोलतो, म्हणजे त्याच्या बोलण्याला धड ना शेंडा ना बुडखा. इर्रेलेव्हंट बोलणारा माणूस अगदी शुद्धीवर असू शकतो, फक्त भलत्याच विषयावर बोलत असतो. त्याच्यासाठी ‘अप्रस्तुत’ जास्त नेमका. नियम किंवा कलम इथं लागत नाही म्हणायचं असेल तर ‘गैरलागू’. ‘फालतू’ लिहू नका. त्यात राग आहे, आणि मूळ शब्दात राग नाही.

‘अवांतर’ हा शब्द ‘एक्स्ट्रेनियस’च्या खूप जवळ येतो आणि तिथंच फसवतो. ‘अवांतर गप्पा नकोत’ यातला अवांतर चालेल. पण ‘अवांतर वाचन’ ही तर कौतुकाची गोष्ट! माझ्या एका विद्यार्थ्यानं बायोडाटात छंद म्हणून ‘एक्स्ट्रेनियस रीडिंग’ लिहिलं होतं. मुलाखत घेणाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि विचारलं, “म्हणजे जे वाचायला नको ते वाचता का?” बिचारा तेलुगु, मराठी, हिंदी सगळ्यात सफाईनं बोलणारा, पण तिथं एकही भाषा मदतीला आली नाही. तिथं साधं ‘जनरल रीडिंग’ लिहिलं असतं तरी भागलं असतं.

आणि ‘प्रक्षिप्त’. हा शब्द फक्त ग्रंथांपुरता, पण काय नेमका आहे! मूळ कवीच्या नसलेल्या, मागाहून कुणीतरी घुसडलेल्या ओव्या म्हणजे प्रक्षिप्त ओव्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठभेदांनी मूळ पोथी बिघडली होती म्हणून. शेवटी त्यांनी बजावून ठेवलं, की या पाठात जो आपली ओवी घालेल त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. करवंटीत काही पाप नाही, घरात दहा कामांना येते. अमृताच्या ताटात मात्र ती एक्स्ट्रेनियस. मी शंभर उदाहरणं दिली असती तरी यापेक्षा चांगलं जमलं नसतं.

परीक्षेत काय लिहायचं? वाक्य बघून ‘बाह्य व अनावश्यक’ लिहा. दोन शब्द होतात, पण मार्क जात नाहीत.

एक्स्ट्रा, सुपरफ्लुअस, रिडंडंट आणि हा, यांत फरक काय?

शेंगा चटणी करताय असं समजा. गिऱ्हाइकानं आणखी एक पुडी मागितली तर ती एक्स्ट्रा, आणि ती त्याला हवीच आहे. तिखट हवं त्याच्यापेक्षा जास्त पडलं तर ते सुपरफ्लुअस. तिखट चटणीतलंच आहे, फक्त मापाबाहेर गेलं. (त्या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘वरून वाहणं’, दूध उतू जातं तसं.) चटणीत केस निघाला तर तो एक्स्ट्रेनियस. थोडा असला तरी नको.

रिडंडंट म्हणजे जे एकदा सांगून झालंय तेच पुन्हा. मराठीत त्याचे नमुने लहानपणीच पाठ होतात. पिवळं पितांबर, गाईचं गोमूत्र.

गणितात ‘एक्स्ट्रेनियस रूट’ असतं ते काय?

त्या पॉलिटेक्निकच्या मुलाचा प्रश्न हाच होता. समीकरण असं घ्या. (क्ष + २) चं वर्गमूळ बरोबर क्ष. वर्गमूळ घालवण्यासाठी दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष + २ = क्षचा वर्ग. सगळं एका बाजूला घेऊन अवयव पाडले की दोन उत्तरं येतात, २ आणि उणे १.

आता ती मूळ समीकरणात घालून बघा. क्ष = २ घेतलं तर ४ चं वर्गमूळ २, जुळलं. क्ष = उणे १ घेतलं तर १ चं वर्गमूळ १, आणि पलीकडे उणे १. जुळलं नाही. हे उणे १ म्हणजे एक्स्ट्रेनियस उत्तर.

ते आलं कुठून हे बघण्यासारखं आहे. मूळ समीकरणात ते नव्हतं. आपण वर्ग केला त्या पायरीला दार उघडं राहिलं, कारण १ चा वर्ग १ आणि उणे १ चाही वर्ग १. वर्ग केला की चिन्ह पुसलं जातं, आणि त्या अंधारात हा उपरा आत आला. म्हणजे तुम्ही आकडेमोड चुकला नाहीत, तरी तो आला. म्हणूनच दोन्ही उत्तरं मूळ समीकरणात घालून तपासल्याशिवाय गणित संपत नाही, आणि म्हणूनच मार्क कापतात. हे उत्तर ‘इर्रेलेव्हंट’ नाही, खोटं आहे. आपल्याच घरचं असल्यासारखं ताटावर येऊन बसलंय.

एम.एड.च्या प्रबंधात ‘एक्स्ट्रेनियस व्हेरिएबल’ लिहायला सांगितलंय. तो कुठला?

ज्याचा अभ्यास तुम्ही करत नाही, पण जो तुमच्या निकालात ढवळाढवळ करू शकतो, तो.

उदाहरण घ्या. शिकवण्याच्या दोन पद्धतींची तुलना करायची आहे. पहिली पद्धत एका तुकडीवर सकाळी साडेसातला वापरली, दुसरी दुसऱ्या तुकडीवर दुपारी दोनला. महिना एप्रिल, गाव सोलापूर. पत्र्याच्या वर्गात, पंखा बंद. दुपारच्या तुकडीला कमी मार्क पडले आणि तुम्ही लिहिलंत, ‘दुसरी पद्धत कमी परिणामकारक’. अहो, ती पद्धत नाही हरली, ती पोरं उकडून निघाली! इथं ऊन हा एक्स्ट्रेनियस व्हेरिएबल.

ऊन तुमच्या विषयाबाहेरचं आहे म्हणून इर्रेलेव्हंट ठरत नाही. त्याचा परिणाम झालाय, नव्हे, सगळ्यात मोठा परिणाम त्याचाच झालाय. त्यामुळे प्रबंधात नुसतं ‘तापमान हा एक्स्ट्रेनियस व्हेरिएबल होता’ एवढं लिहून भागत नाही. दोन्ही तुकड्या एकाच वेळी बसवल्या का, की पाळी बदलून पाहिली, हे लिहावं लागतं. गाईड तेच विचारणार.

निकालपत्रांत ‘एक्स्ट्रेनियस कन्सिडरेशन्स’ असं येतं. त्याचं मराठी?

‘भलत्याच गोष्टी विचारात घेऊन’, असं करा. एखाद्या अधिकाऱ्याला परवाना द्यायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार कायद्यानं दिलेला असतो, आणि त्यानं काय काय बघायचं हेही ठरलेलं असतं. त्यानं त्याबाहेरची एखादी गोष्ट मनात धरून निर्णय दिला, समजा अर्जदार कुणाचा पाहुणा आहे हे बघून, तर तो निर्णय कोर्टात टिकत नाही. इथंही तोच धागा. ती बाहेरची गोष्ट निर्णयात शिरली आणि तिनं निर्णय वाकवला. नुसती पडून राहिली असती तर कुणी तक्रार केली नसती.

साक्षीपुराव्याच्या कायद्यात मात्र चालतो तो ‘रेलेव्हंट’. १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ५ मध्ये होतं, की वादातल्या आणि संबद्ध तथ्यांचाच पुरावा देता येईल, इतर कुठल्या तथ्यांचा नाही. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, आणि तिथं तीच तरतूद कलम ३ मध्ये आहे. कोर्टात वकील उठून ‘इर्रेलेव्हंट’ म्हणतो तेव्हा तो या दाराशी उभा असतो. बाकीचं वकिलांना विचारा, मी भाषेचा माणूस.

वाक्यात वापरताना पुढे कोणतं अव्यय येतं?

‘टू’. ‘एक्स्ट्रेनियस टू द सब्जेक्ट’, ‘इर्रेलेव्हंट टू द सब्जेक्ट’. मराठीत आपण ‘विषयाशी संबंध’ म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘विथ’ लिहितो. चूक शोधा प्रकारच्या प्रश्नांत नेमका हाच खड्डा खणलेला असतो. नामांत डीटेल्स, इन्फर्मेशन, मटेरियल, फॅक्टर्स, नॉइज यांच्याआधी हा शब्द बसतो.

माणसाला एक्स्ट्रेनियस म्हणता येतं?

म्हणू नये. माणसासाठी इंग्रजीत हल्ली ‘इर्रेलेव्हंट’ सर्रास चालतो. एखादा पुढारी इर्रेलेव्हंट झाला, म्हणजे त्याला आता कुणी विचारत नाही. आपल्याकडे संदर्भहीन, कालबाह्य म्हणतात. पार्क चौकातल्या चहाच्या गाड्यावर “संपला तो” असं म्हणतात, आणि ते भाषांतर मला जास्त आवडतं.

‘इर्रेव्हेलंट’ की ‘इर्रेलेव्हंट’?

दुसरं. अक्षरांची अदलाबदल इंग्रजी मातृभाषा असलेलेही करतात. आपण नाही का नुकसानीचं ‘नुसकान’ करत. स्पेलिंगमध्ये आर दोनदा, कारण ‘इन’ हा उपसर्ग आरच्या पुढ्यात आला की ‘इर’ होतो. इर्रेग्युलर, इर्रॅशनल, सगळे तसेच.

जाता जाता ‘इम्पर्टिनंट’. याचाही मूळ अर्थ ‘विषयाशी संबंध नसलेला’ असाच होता. हळूहळू तो ‘उद्धट’ झाला. विषय सोडून मध्येच बोलणारा उद्धट वाटणार, त्यात नवल नाही. मराठीतला ‘आगाऊ’ आठवा. आगाऊ रक्कम चालते, आगाऊ पोरगं चालत नाही.

बँकेच्या परीक्षेत याचा काही उपयोग?

रोज आहे, शब्द न वापरता. हे गणित बघा. सोलापूरहून एक बस सकाळी ६ ला निघाली, तिच्यात ४२ प्रवासी आहेत, ती ताशी ५० किलोमीटरनं जाते, तर २५० किलोमीटरवरच्या पुण्याला किती वाजता पोहोचेल? ११ ला. ४२ चं काय करायचं? काहीच नाही. तो आकडा मुद्दाम टाकलेला खडा आहे. निम्मी मुलं तो कुठंतरी गुणायला बघतात, कारण शाळेत आपल्याला दिलेला प्रत्येक आकडा वापरायची सवय लावलेली असते. परिच्छेदात न बसणारं वाक्य ओळखा, हाही तोच खेळ, फक्त आकड्यांच्या जागी वाक्यं.

ऑफिसच्या ईमेलमध्ये हा शब्द वापरू का?

शक्यतो नको. वजनदार आहे, आणि समोरच्याला ‘तुम्ही कचरा पाठवलात’ असं वाटू शकतं. ‘अननेसेसरी’ लिहा. शब्दापेक्षा ईमेलमधल्या मजकुराकडे बघा, कारण नमनाला घडाभर तेल घालायची आपली जुनी खोड आहे.

टॉवेल कारखान्यातली एक मुलगी परवा मसुदा घेऊन आली होती. माल चार दिवस उशिरा निघणार, एवढं गिऱ्हाइकाला कळवायचं होतं. तिनं लिहिलं होतं, की गड्ड्याची यात्रा होती, रस्ते बंद होते, कामगार सुट्टीवर होते, साहेबांच्या घरी कार्य होतं, तरी आम्ही रात्रंदिवस झटतोय आणि माल चार दिवस उशिरा निघेल. मी तिच्याच हातात पेन दिलं आणि म्हटलं, “निवड.” तिनं साहेबांच्या घरचं कार्य खोडलं, रात्रंदिवस झटणं खोडलं. यात्रेपाशी थांबली. “सर, हे राहू दे का? उशीर तर यात्रेमुळंच झालाय.” राहू दे म्हटलं.